हॉब्सन म्हणजे हॉबचा मुलगा. पण हा हॉब कोण?

हॉब्सन हे इंग्रजी आडनाव वरवर सोपे दिसते. शेवटच्या ‘सन’चा अर्थ मुलगा, तेव्हा उरलेला हॉब हा बाप. पण मध्ययुगीन इंग्लंडच्या करवह्या किंवा न्यायालयाचे दफ्तर उघडले, तर हा बाप तिथे बहुधा ‘रोबेर्तुस’ म्हणून भेटतो. कारकून लॅटिनमध्ये लिहायचा आणि लॅटिनमध्ये रॉबर्टचे तेच रूप होते. हॉब ही त्या रॉबर्टची घरातली, शेतातली, गुत्त्यातली हाक. मुलाला गावाने ओळखले ते या हाकेवरून, आणि आडनाव म्हणून टिकले तेही हेच.

एका रॉबर्टपासून निघालेली आडनावे मोजायला बसलो तर हाताची बोटे पुरत नाहीत. रॉबर्ट्‌स, रॉबर्टसन, रॉब्सन, रॉबिन्स, रॉबिन्सन ही ओळखू येतात. हॉब्ज, हॉब्सन, हॉपकिन्स, हॉपकिन्सन ही त्याच घरातली, पण चेहरा बदललेली. डॉब्ज, डॉब्सन, डॉबिन्स हीसुद्धा रॉबर्टचीच लेकरे, नॉब्जही. वेल्समधले प्रोबर्ट आणि प्रोबिन हे लांबचे चुलतभाऊ. एवढी रूपे का झाली, हे कळले की डिक्सन, हॉजसन, वॉटसन, डॉसन अशा निम्म्या इंग्रजी आडनावांचे कोडे आपोआप सुटते.

नावे थोडी, माणसे फार

रॉबर्ट हे नाव जुन्या जर्मानिक दोन शब्दांचे आहे: ‘ह्रोद’ म्हणजे कीर्ती आणि ‘बेर्ख्त’ म्हणजे तेजस्वी. इंग्लंडात ते रुजवले नॉर्मनांनी. १०६६ साली हेस्टिंग्जची लढाई जिंकणाऱ्या विल्यमच्या बापाचे नाव रॉबर्ट, थोरल्या मुलाचेही रॉबर्ट. राज्यकर्त्यांची नावे प्रजेने उचलली. त्याआधीची वुल्फ्रिक, लिओफ्रिक, गॉडविन अशी अस्सल इंग्रजी नावे पुढच्या दीड-दोनशे वर्षांत मागे पडली. एडवर्ड, एडमंड अशी संत-राजांची काही टिकली, एवढेच. चौदाव्या शतकाच्या अखेरीस जॉन, विल्यम, टॉमस, रिचर्ड आणि रॉबर्ट या पाच नावांत देशातले बहुसंख्य पुरुष मावत होते.

पन्नास उंबऱ्यांच्या गावात आठ-दहा रॉबर्ट असतील तर हाक मारायची कशी? आपण काय करतो ते आठवा. राम नावाची तीन माणसे असली की एक रामू होतो, एक राम्या, आणि वयाने मोठा असेल तो रामभाऊ. इंग्रजांनीही तेच केले, फक्त त्यांच्याकडे या कामासाठी तीन-चार ठरलेल्या युक्त्या होत्या.

पहिली युक्ती कापण्याची. रॉबर्टचे रॉब, वॉल्टरचे वॉट, डेव्हिडचे डॉ. वॉल्टरमधला ‘ल’ त्या काळी उच्चारत नसत, म्हणून वॉट. वॉटसनचे मूळ हेच. दुसरी युक्ती पहिले अक्षर बदलून यमक जुळवण्याची, आणि परक्या माणसाला चकवते ती हीच. रॉबचे हॉब, डॉब आणि नॉब झाले. रिचर्डचे रिक, त्याचे हिक आणि डिक. रॉजरचे हॉज आणि डॉज. बहुतेक उदाहरणे ‘र’ने सुरू होणाऱ्या नावांची आहेत हे लक्षात घ्या. नॉर्मन फ्रेंचांचा ‘र’ इंग्रजांच्या जिभेला वेगळा लागत असावा म्हणून त्याची जागा दुसऱ्या व्यंजनाने घेतली, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. लहान मुलांशी बोलण्याच्या लाडातून ते आले असेल, हे दुसरे. दोन्ही एकत्र खरी असायला हरकत नाही.

तिसरी युक्ती शेपूट जोडण्याची. फ्रेंचांकडून ‘इन’, ‘एट’, ‘ऑट’ ही शेपटे आली: रॉब अधिक इन म्हणजे रॉबिन. सागरापलीकडच्या फ्लेमिश लोकांकडून ‘किन’ आले: हॉब अधिक किन. ‘ब’ला लागून ‘क’ आला की ‘ब’चा ‘प’ होतो, तोंडाने म्हणून पाहा. म्हणून हॉबकिन न राहता हॉपकिन झाला आणि हॉपकिन्स आडनावात रॉबर्टचा मागमूसही उरला नाही. ‘कॉक’ हे खास इंग्रजी शेपूट, कोंबड्यासारखा ऐटीत फिरणारा पोरगा अशा भावनेचे: हिचकॉक, विलकॉक्स, सिमकॉक्स. हिचकॉकमधला हिच म्हणजे पुन्हा रिचर्डच.

यात हॉबचा एक फाटा आपल्या मराठीपर्यंत आलेला आहे. मध्ययुगात लहान चणीच्या घोड्याला ‘हॉबिन’ म्हणत. ते रॉबिनचेच रूप मानले जाते. जसे आपण पोपटाला मिठू म्हणतो, तसे घोड्याला हॉबिन. त्यावरून ‘हॉबी-हॉर्स’ म्हणजे मुलांचा लाकडी घोडा, आणि त्या घोड्यावर स्वार होऊन रमण्यावरून ‘हॉबी’ म्हणजे छंद. ‘तुझी हॉबी काय’ असे विचारणारा माणूस नकळत रॉबर्टला हाक मारतो. हॉबगॉब्लिन या इंग्रजी भुताच्या नावातही हाच हॉब आहे.

एका कवीने केलेली शिरगणती

ही लाडकी नावे लॅटिन कागदांत सहसा उतरत नाहीत, मग ती खरोखर चालत होती हे कशावरून? याचा एक उत्तम पुरावा द्वेषातून निर्माण झाला आहे. १३८१ साली डोईपट्टीच्या विरोधात शेतकऱ्यांचे मोठे बंड झाले. केंट परगण्याशी संबंध असलेला जमीनदार कवी जॉन गॉवर याने त्यावर लॅटिन काव्य लिहिले आणि बंडखोरांना जनावरांच्या रूपात रंगवले. या खेडवळांची टर उडवण्यासाठी त्याने त्यांची नावे शुद्ध लॅटिनमध्ये न देता गावात चालत तशीच दिली: वॉट, टॉम, सिम, बॅट, गिब, हिक, कॉल, विल, ग्रिग, डॉ, हॉब, लॉर्किन, हड, जड, टेब, जॅक.

ही यादी पुन्हा वाचा आणि प्रत्येकाला शेपूट लावा. वॉटसन, टॉमसन, सिमसन, बेटसन, गिब्सन, हिक्स, कॉलिन्स, विल्सन, ग्रिग्ज, डॉसन, हॉब्सन, लार्किन, हडसन, जडसन, टेब्ज, जॅक्सन. गॉवरला हिणवायचे होते. हाती आली ती इंग्रजी आडनावांची बीजयादी. तीत पुरे नाव एकही नाही, सगळ्या हाकाच आहेत.

हॉब म्हणजे रॉबर्ट हे तेव्हाच्या लोकांना सांगावे लागत नसे, याचाही दाखला त्याच बंडात आहे. बंडखोर धर्मगुरू जॉन बॉल याच्या नावाने फिरलेल्या पत्रात ‘हॉब द रॉबर’ला, म्हणजे लुटारू हॉबला, चांगली अद्दल घडवा असे आहे. हा टोला राजाचा खजिनदार रॉबर्ट हेल्स याला होता असे बरेच अभ्यासक मानतात. हेल्सचे डोके १४ जून १३८१ रोजी लंडनच्या टॉवर हिलवर उडवले गेले.

मधले नाव गोठले की आडनाव होते

इंग्रजी ‘सन’ समजायला मराठी वाचकाला परदेशी उदाहरण लागत नाही. आपले मधले नाव हेच शुद्ध पितृनाम आहे. ते प्रत्येक पिढीत बदलते: आज जो बाप म्हणून मधे आहे, तो पुढच्या पिढीत गळतो. आपल्या जुन्या कागदांत ‘अमुक बिन तमुक’ किंवा ‘वलद तमुक’ असे लिहीत, तेही तेच. इंग्रज कारकून ‘विलेल्मुस फिलियुस रोबेर्ति’ लिहायचा, म्हणजे विल्यम बिन रॉबर्ट. तेराव्या शतकातला हॉब्सन हा आपल्या मधल्या नावासारखा होता. त्याच्या मुलाचे नाव टॉम असले तर नातू टॉमसन व्हायचा आणि हॉब विस्मरणात जायचा. आइसलंडमध्ये आजही असेच चालते. योनचा मुलगा योन्सन, मुलगी योन्सदोत्तिर.

इंग्लंडात हे चाक कधीतरी थांबले. टॉमचा मुलगाही हॉब्सनच राहिला. यालाच आडनाव वंशपरंपरागत होणे म्हणतात. एकाही राजाने हुकूम काढून ते केलेले नाही. सरदारांनी बाराव्या शतकात आपापल्या गढीची, गावाची नावे पक्की केली, कारण वारसाहक्काला ती सोयीची होती. दक्षिणेकडच्या सामान्य माणसांची आडनावे साधारण १३५० पर्यंत स्थिरावली. उत्तरेत हे सावकाश झाले. तिथे पंधराव्या शतकातही बदलती नावे सापडतात. कारणे सगळी कागदाशी निगडित. जमीनदाराच्या न्यायालयात कूळ बदलले की नोंद व्हायची आणि बापाच्या नावावरची जमीन मुलाच्या नावावर करताना तेच नाव चालू ठेवणे फायद्याचे असायचे. सरकारला कर हवा होता. १४१३ च्या कायद्याने तर फिर्यादीत प्रतिवादीचा दर्जा किंवा धंदा आणि राहण्याचे ठिकाण लिहिणे बंधनकारक केले, म्हणजे माणूस नेमका कोणता हे ठरवण्याची निकड किती होती ते पाहा.

आडनाव पक्के होताना पकडायचे असेल तर १३७९ ची डोईपट्टीची यादी पाहावी, विशेषतः यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंग भागाची. १३७७ साली चौदा वर्षांवरील प्रत्येकाकडून सरसकट चार पेन्स घेतले होते. १३७९ ला ऐपतीप्रमाणे दर लावले. साध्या नवरा-बायकोला मिळून चार पेन्स, कारागिरांना जास्त. त्यामुळे मोलमजुरी करणाऱ्यांचीही नावे गाववार उतरली. या यादीत ‘सन’ लागलेली माणसे ठायीठायी आहेत. त्यांच्याबरोबर ‘डॉटर’ म्हणजे मुलगी, ‘वाइफ’, ‘सर्व्हंट’ आणि ‘मॅन’ अशी शेपटे लागलेलीही आहेत. ‘मॅन’ म्हणजे इथे गडी: हिकमन हा हिकच्या घरचा गडी, ॲडीमन हा ॲडमच्या घरचा. ‘डॉटर’वाली नावे मात्र नामशेष झाली, कारण लग्नानंतर बाईचे नाव बदलले आणि ती पुढे सरकलीच नाहीत.

यादीतला हॉब्सन खरोखर हॉबचा मुलगा आहे की नुसते आडनाव वागवतो आहे, हे कसे ओळखायचे? एकट्या नोंदीवरून नाहीच ओळखता येत. त्याच गावाच्या न्यायालयाच्या गुंडाळ्यांत बापाचे नाव शोधावे लागते. बाप रॉबर्ट निघाला तर काहीच सिद्ध होत नाही. बाप विल्यम निघाला आणि तोही हॉब्सन लिहिलेला असेल, तरच आडनाव पक्के झाले म्हणायचे. आणखी एक फसगत इथेच होते: लॅटिन ‘फिलियुस रोबेर्ति’ दिसले की संशोधक ‘रॉबर्टसन’ असे भाषांतर करून मोकळे होतात. गाव त्या माणसाला रॉब्सन म्हणत होते, हॉब्सन, डॉब्सन की आणखी काही, ते त्या दोन लॅटिन शब्दांतून कळत नाही.

सन, नुसता ‘स’, फिट्झ आणि आप

‘सन’ हे शेपूट उत्तरेचे: यॉर्कशर, लँकेशर, डरहॅम, कंबरलंड, लिंकनशर. दक्षिणेत, पश्चिमेच्या मध्य भागात आणि वेल्सच्या सीमेवर नुसत्या ‘स’चा वापर: हॉब्ज, रॉबिन्स, रॉबर्ट्‌स. उत्तरेत व्हायकिंगांचे वंशज राहत, त्यांच्याकडे ‘सन’ लावायची चाल होती, म्हणून हे झाले असे सर्रास सांगितले जाते. अर्धसत्य आहे. बोलण्याच्या सवयीला त्याचा आधार मिळाला असेल, पण रॉबिन्सन आणि डिक्सनमधले बाप नॉर्मन नावांचे आहेत, आणि ही आडनावे पसरली ती व्हायकिंगांनंतर तीनशे वर्षांनी.

नुसता ‘स’ हा षष्ठीचा प्रत्यय, आपला ‘चा-ची-चे’. त्यामुळे हॉब्ज म्हणजे ‘हॉबचा’. हॉबचा कोण? मुलगा असेल, गडी असेल, हॉबच्या घरात राहणारा असेल. बाईच्या नावापुढे असेल तर बायको किंवा विधवा. ‘सन’ निदान नाते सांगतो, ‘स’ तेवढेही सांगत नाही.

नॉर्मन सरदार ‘फिट्झ’ लावत, फ्रेंचमधल्या ‘फिस’वरून. फिट्झजेराल्ड म्हणजे जेराल्डचा मुलगा, त्यापलीकडे काही नाही. राजांच्या अनौरस मुलांना फिट्झरॉय म्हणू लागले तेव्हापासून फिट्झ म्हणजे अनौरस असा गैरसमज पसरला. वेल्श भाषेत मुलगा म्हणजे ‘मॅब’, त्याचे ‘आप’. आप रॉबर्टचे प्रोबर्ट, आप रॉबिनचे प्रोबिन, आप रिचर्डचे प्रिचर्ड, आप ह्यूचे प्यू, आप ऱ्हिसचे प्राइस, आप एव्हनचे बेव्हन. वेल्समध्ये पिढीगणिक बदलणारी नावे अठराव्या शतकापर्यंत आणि काही डोंगरी भागांत त्यानंतरही चालली. आडनावे ठरली तेव्हा बापाचे चालू नावच गोठले, आणि ती नावे मोजकी. म्हणून वेल्समध्ये जोन्स, डेव्हिस, रॉबर्ट्‌स यांची एवढी दाटी.

स्कॉटलंडचे रॉबर्टसन हे आणखी वेगळे. तिथल्या क्लॅन डोनाही या घराण्याने आपला प्रमुख रॉबर्ट रिआबाख याच्यावरून हे नाव घेतले. राजा पहिला जेम्स याचे १४३७ मधले मारेकरी पकडून देणारा तो. एका ज्ञात पुरुषापासून निघालेले पितृनाम असे क्वचित सापडते. तरी आजचा प्रत्येक रॉबर्टसन त्याच्या वंशातला नाही.

‘सन’ दिसला म्हणजे बापच असतो असे नाही

कधी आई असते. टिलॉटसनमधली टिलॉट म्हणजे माटिल्डा, इबटसनमधली इबट म्हणजे इझाबेल, डायसनमधली डाय म्हणजे डायोनिशिया. सिसनमागे सिसिली आहे. ही मुले अनौरस होती असे लगेच ठरवू नये. बाप लवकर गेला, जमीन विधवेच्या नावावर आली आणि गावात बाई अधिक ठाऊक झाली, की मुलगा तिच्या नावाने ओळखला जाई.

कधी धंदा असतो: क्लार्कसन हा कारकुनाचा, स्मिथसन लोहाराचा, कुकसन आचाऱ्याचा, ग्रेसन हा ‘ग्रेव्ह’ म्हणजे गावकारभाऱ्याचा. आणि कधी ‘सन’ मुळात नसतोच. मेसन म्हणजे गवंडी. टायसन हा फ्रेंच ‘तिझों’वरून, म्हणजे जळते कोलीत, तापट माणसाला पडलेले नाव. बेन्सन हा बेनेडिक्टचा मुलगा असेल किंवा ऑक्सफर्डशरमधल्या बेन्सन गावचा.

देशाबाहेर गेल्यावर तर नियमच मोडतात. अमेरिकेतल्या रॉबिन्सनांत मूळचे राबिनोविच असलेले ज्यू आहेत, जॉन्सनांत स्वीडनचे योहान्सन. स्वीडनमध्ये घराण्याचे आडनाव कायद्याने सक्तीचे झाले ते थेट १९०१ मध्ये. शिवाय गुलामगिरीतून सुटलेल्या लाखो कृष्णवर्णीयांची आडनावे इंग्रजी आहेत. तिथे हॉबशी रक्ताचा संबंध शोधणे निरर्थक.

गोवा आणि वसईच्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा, रॉड्रिग्ज म्हणजे रॉद्रिगोचा. शेवटचा ‘एस’ पोर्तुगीज पितृनामाचा प्रत्यय. पण ही नावे बाप्तिस्म्याच्या वेळी मिळाली, पूर्वज कुणी रॉद्रिगो होता म्हणून नव्हे. गंमत अशी की रॉद्रिगोतला पहिला भाग तोच जर्मानिक ‘ह्रोद’ आहे, जो रॉबर्टमध्ये आहे, रॉजरमध्ये आहे. वसईतले रॉड्रिग्ज आणि यॉर्कशरचे रॉब्सन एकाच शब्दाची कीर्ती वागवतात.

एक प्रश्न हमखास येतो: सगळे हॉब्सन एकाच कुळाचे का? नाहीत. हॉब गावोगाव होते, तेव्हा हॉब्सनही गावोगाव स्वतंत्रपणे झाले. रॉबिन्सन तर इंग्लंडातल्या पहिल्या वीस आडनावांत मोडते. लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ साली चाळीस ब्रिटिश आडनावांच्या पुरुषांचे वाय गुणसूत्र तपासले, जे बापाकडून मुलाकडे जाते. दुर्मीळ आडनावाचे पुरुष बरेचदा एका पूर्वजाचे निघाले. स्मिथसारख्या अतिसामान्य नावात तसे काही दिसले नाही. म्हणून ‘रॉबिन्सन घराण्याचे राजचिन्ह’ म्हणून चौकटीत विकले जाणारे चित्र घेऊ नये. इंग्लंडात असे चिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळते, आडनावाला मिळत नाही. ते देणारे कॉलेज ऑफ आर्म्स १४८४ पासून लंडनमध्ये आहे.

माग काढायचा तर

आजच्या माणसापासून मागे जायचे. एखादा प्रसिद्ध हॉब्सन धरून पुढे यायला निघालात की चुकलात. केंब्रिजचा टॉमस हॉब्सन सगळ्यांना आपला पूर्वज हवा असतो: भाड्याने घोडे देणारा, दाराजवळ उभा असेल तोच घोडा घ्या नाहीतर चालते व्हा म्हणणारा. ‘हॉब्सन्स चॉइस’ हा वाक्प्रचार त्याच्यावरून आला. तो १६३१ साली वारला.

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे. तिच्यातला सर्वांत उपयोगी कागद विवाहाचा: वर आणि वधू दोघांच्याही बापांची नावे व धंदे त्यावर असतात. सोबत जनगणना. १८४१ च्या गणनेत पंधरा वर्षांवरील लोकांची वये पाचाच्या पटीत खाली आणलेली आहेत. ३४ वर्षांचा माणूस ३० दिसतो. नाते आणि जन्मगाव १८५१ पासून मिळते. १९३१ ची कागदपत्रे आगीत गेली, १९४१ ला गणनाच झाली नाही. त्यामुळे १९२१ नंतर थेट मोठी पोकळी आहे.

१८३७ च्या आधी चर्चच्या वह्या. त्या ठेवण्याचा हुकूम १५३८ चा, पण सगळीकडच्या तितक्या जुन्या वह्या शिल्लक नाहीत, आणि १६४० ते १६६० च्या यादवीत मोठी भगदाडे पडली आहेत. वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई; ही पद्धत १७५२ पासून बदलली. म्हणून फेब्रुवारी १७०० अशी नोंद आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १७०१ ची असते. हे न समजल्याने लग्नाआधी वर्षभर मूल जन्मल्याचे ‘शोध’ लागतात. १८१३ पासूनच्या छापील नमुन्यात बापाचा धंदा आणि राहण्याचे ठिकाण आहे. एकाच गावातले दोन रॉबर्ट रॉबिन्सन वेगळे करायला तेवढेच उपयोगी पडते.

लेखनाच्या चुका ठरावीक आहेत. हॉब्सनचे हॉप्सन होते. ‘ह’ गिळून नुसते ऑब्सनही. जुन्या लिपीतला लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो, त्यामुळे संगणकाच्या सूचीत हॉब्फन अवतरतो. रॉब्सन, रॉबिसन, रॉबिन्सन आणि रॉबर्टसन ही एकाच माणसाची चार लेखने एकाच वहीत सापडू शकतात, कारण लिहिणारा पाद्री बदलला की कान बदलतो. शोधताना सगळी रूपे टाकायची आणि स्वरांच्या जागी तारांकन ठेवायचे. बापाची जागा रिकामी असेल आणि मुलाच्या मधल्या नावात परके आडनाव असेल, तर बहुधा बाप तिथे लपलेला असतो.

मृत्युपत्रे १८५८ पूर्वी चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत. लोक सवयीने लंडनच्या सूचीत शोधतात आणि हात हलवत परततात. ‘सन’वाली आडनावे उत्तरेची, तेव्हा त्यांची मृत्युपत्रे मुख्यतः यॉर्कच्या धर्मप्रांतात, ती आता यॉर्क विद्यापीठाच्या बॉर्थविक संस्थेत आहेत. न्यायालयाचे कागद १७३३ पर्यंत, मधली काही वर्षे सोडता, लॅटिनमध्ये आहेत, पण त्यांतली वाक्ये साचेबंद असतात. पन्नासेक शब्द आले की निम्मे काम होते.

आपल्याकडे मरण पावलेल्या किंवा लग्न केलेल्या हॉब्सन-रॉबिन्सनांच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दफ्तरात आहेत. बंगालसाठी एन-१, मद्रासासाठी एन-२, मुंबई इलाख्यासाठी एन-३. पुण्या-मुंबईतल्या एखाद्या जुन्या ख्रिस्ती थडग्यावरचे नाव तपासायचे असेल तर एन-३ पासून सुरुवात करावी.

आणि ‘हॉब्सन-जॉब्सन’ दिसले तर ते आडनाव समजून वंशावळीत घालू नये. मोहरमच्या मिरवणुकीत ‘या हसन! या हुसेन!’ असा आक्रोश चाले. तो गोऱ्या शिपायांच्या कानांनी आपल्या ओळखीच्या दोन आडनावांत बसवला. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी १८८६ साली काढलेल्या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशाला तेच नाव दिले.